कासवचालीची आळी

एका जंगलात घरांची एक आळी होती. जंगल कोणतं ते विचारू नका, बाळांनो. नाव सांगितलं की तुमच्यातलं एखादं म्हणणार, आमच्याकडे असं काही होत नाही, आणि मग गोष्ट तिथेच अडेल. तोंडातला खाऊ गिळा, मांडी घाला आणि ऐका.

आळीचं नाव बोराटीची आळी. एका अंगाला बोराटीची दाट जाळी होती, तिच्यात लहान जिवांची घरं. दुसऱ्या अंगाला गवताचं रान आणि पाण्याचं डबकं. मधून वाट. त्या वाटेत दगड होते, काटे होते, वडाचं एक जाडजूड मूळ आडवं पडलेलं होतं. त्यामुळे वाघापासून उंदरापर्यंत जो तो खाली बघून चालायचा. खाली बघून चालणाऱ्याला खालचे जीव दिसतात. एवढी एक सोय त्या वाईट वाटेत होती.

मग जंगलाच्या मंडळाला विकास सुचला. मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब गवा. देहानं मोठे होतेच, मनानंही मोठे आहेत असं ते स्वतः सांगत. त्यांनी दगड काढले, काटे काढले, वडाचं मूळ तोडलं आणि वाटेचा रस्ता केला. त्या दिवशी आळीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगुणा लावीनंही पंख आपटून वाजवल्या.

लावी म्हणजे मुठीएवढा मातकट पक्षी. पंख असतात, पण उडायचा कंटाळा. सगळं कुटुंब पायीच फिरतं, आई पुढे आणि पोरं मागे एका रांगेत. सगुणाचं घर जाळीत होतं आणि दाणापाणी रस्त्यापलीकडे. टाळ्या वाजवताना तिच्या मनात एवढंच आलं की आता पोरांच्या पायात काटे मोडणार नाहीत. ते खरंही ठरलं. काटे मोडले नाहीत.

रस्ता गुळगुळीत झाला आणि जंगलाला घाई झाली. कालपर्यंत ज्यांना दिवसभर काम नव्हतं, त्यांना आता सकाळपासून उशीर व्हायला लागला. सगळ्यांत जास्त घाई रानडुकरांना. त्यांचा म्होरक्या सर्जेराव. आबासाहेबांच्या पुढेपुढे करणं हा त्याचा उद्योग आणि चिखलात लोळणं हा छंद. रोज सकाळी तो सहा-सात जणांची टोळी घेऊन आळीतून चौखूर उधळत चिखलाकडे जायचा आणि दुपार व्हायच्या आत तसाच उधळत परत यायचा. चिखल कुठे पळून चालला नव्हता. पण हे सर्जेरावाला सांगणार कोण?

त्या साली सगुणाला नऊ पोरं झाली. शेवटच्या पोरीच्या कपाळावर काळा ठिपका होता, म्हणून तिचं नाव मिरी.

लावीच्या घराण्यात एक शिकवण फार पूर्वीपासून चालत आलेली होती. धोका दिसला की आईनं बारीक शीळ घालायची आणि पोरांनी असतील तिथे खाली बसायचं. हलायचं नाही, चिवचिवायचं नाही. मातकट पोर मातकट जमिनीवर बसलं की ससाण्याला दिसत नाही. शिकवण चांगली होती. सगुणा स्वतः तिच्यामुळेच जगली होती. पण ती ससाण्यासाठी होती, आणि ससाणा खाली बघतो. डुकरं खाली बघत नव्हती.

एका सकाळी रांग रस्त्याच्या मधोमध होती आणि डुकरं आली. सगुणाला दुसरं काय येत होतं? तिनं शीळ घातली. नऊच्या नऊ पोरं गुणी पोरांसारखी खाली बसली. धूळ उडाली, धूळ बसली. मग आठ पोरं उठली.

मिरी उठली नाही. आईची शीळ तिनं अगदी नीट ऐकली होती.

सगुणा त्या दिवशी रडली नाही. तिनं आठ जणांना पंखाखाली घेतलं आणि ती जाळीत बसून राहिली. रडू तिला आलं ते तिसऱ्या दिवशी, पारू गोगलगाय भेटायला आली तेव्हा. पारू रस्त्यापलीकडच्या गवतात राहायची. बातमी ऐकल्या ऐकल्या ती निघाली होती. बरोबर तिचा एकुलता एक दगडू होता, बोराच्या बीएवढा. पोर जगावं म्हणून तिनं त्याला हे नाव ठेवलं होतं.

“ऐकलं तशी निघाले बघ, सगुणाक्का,” पारू म्हणाली. “आत्ता पोचतेय.”

“माझीच शीळ हुती, पारू,” सगुणा म्हणाली. “म्याच तिला बसवलं.”

“तू ससाण्याची शीळ घातलीस, अक्का. डुकराची शीळ आपल्यात हायच कुठं?”

मग दोघी पोटभर रडल्या. रडून झाल्यावर सगुणाच्या मनात एक साधा विचार आला. शीळ बदलता येत नसेल तर डुकरांनी हळू जावं. विचार इतका साधा होता की तो मंडळाला समजेल असं तिला वाटलं.

मंडळाची सभा जांभळीखाली भरायची. सगुणा तिथे गेली, सोबत काशीनाना कासव. नाना आळीतले सगळ्यांत जुने रहिवासी. नानांना आदल्या दिवशीच पुढे पाठवलं होतं, म्हणून दोघं एकदम पोचले.

आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे डोळे पाणावले. ते सभेत पाणावायचेच.

“बाई, फार वाईट झालं,” ते म्हणाले. “आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू.”

सगळे उभे राहिले. सर्जेरावही उभा राहिला. एक मिनिट झालं आणि त्याला चिखलाची आठवण झाली, म्हणून तो जरा जाऊन आला.

“आता मला सांगा,” आबासाहेब म्हणाले, “पोर रस्त्यात काय करत होतं?”

“बसलं हुतं.”

“रस्ता काय बसायसाठी असतो?”

“न्हाई. पन म्याच तिला बसवलं.”

“म्हणजे चूक तुमची. तरी मंडळ तुमच्यावर ठपका ठेवत नाही. हे तुम्ही लक्षात घ्या.”

सगुणानं लक्षात घेतलं. इतकंच काय, तिनं आभारही मानले. लहान जिवांना ही सवय असते.

मग काशीनाना बोलले. आळीच्या तोंडाशी एक पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘वेगमर्यादा : हरीणचाल’. नाना म्हणाले, “आबासाहेब, ही मर्यादा खाली आणा. आळीत लेकरं आहेत. चालत जायला सांगा सगळ्यांना. एवढंच.”

सगुणाला वाटलं होतं सर्जेराव आता खवळणार. पण सर्जेरावानंच उठून अनुमोदन दिलं. म्हणाला, “नुसती चालत कशाला? आणखी खाली आणा. लेकरांचा प्रश्न आहे.” सगुणाला भरून आलं. सर्जेरावाला आपण उगाच वाईट समजत होतो, असं तिला वाटलं. बाळांनो, जो नियम पाळणारच नाही त्याला नियम कितीही कडक चालतो. पण हे सगुणाला ठाऊक नव्हतं, आणि नानांना ठाऊक असलं तरी ते बोलले नाहीत.

मंडळ उत्साहात आलं. कुणी बैलचाल सुचवली, कुणी बदकचाल. शेवटी आबासाहेबांनी जाहीर केलं की बोराटीच्या आळीत यापुढे कासवचाल. असा निर्णय आजवर एकाही जंगलानं घेतलेला नाही, असंही त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या.

पाटी बदलायचा मोठा समारंभ झाला. कासवचाल म्हणजे नेमकी किती, हे ठरवायला मंडळाचा मोजणीदार बगळा आला आणि त्यानं काशीनानांना चालून दाखवायला सांगितलं. नानांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता. त्या हारात त्यांचे पुढचे पाय अडकत होते. शिवाय दोन्ही बाजूंनी लोक नमस्कार करत होते आणि नाना पावलापावलाला थांबून मान लववत होते. असे ते त्या दिवशी रोजच्या निम्म्यानंही चालले नाहीत. बगळ्यानं तेवढंच टिपून घेतलं. ती झाली सरकारी कासवचाल.

आबासाहेबांनी वेल कापली आणि भाषण केलं. मग त्यांना पुढच्या टेकडीवर दुसरी वेल कापायची होती, त्याला उशीर झाला होता. सर्जेराव वाट मोकळी करत पुढे सुटला, मागून आबासाहेब, त्यांच्यामागे सगळं मंडळ. टापांनी जमीन हादरली. नव्या पाटीवर बोटभर धूळ बसली. ती सगुणानं पंखानं पुसून काढली.

नियम झाला. आता तो पाळून घेणारा हवा. त्या कामावर धोंडिबा अस्वलाला नेमलं. धोंडिबा मनानं चांगला होता. फक्त अंगानं जड होता आणि त्याला दम लागायचा.

आता त्या जंगलातला एक कायदा तुम्हाला सांगायला हवा. तिथे कुणी नियम मोडून पळालं तर रखवालदारानं त्याच्यामागे पळायचं, त्याला गाठायचं, त्याच्या पाठीवर पंजा ठेवायचा आणि मग त्याचा गुन्हा दप्तरात लिहायचा. पंजा लागला नाही तर तो जोरात पळत होता हे कशावरून? म्हणून ज्याला गाठता आलं नाही तो निर्दोष. हा कायदा फार विद्वान मंडळींनी केला होता. त्यात सांबरं होती, काळवीट होते, एक चित्ताही होता असं म्हणतात.

पहिल्या दिवशी धोंडिबा डुकरांच्या मागे धावला. आळीच्या मध्यापर्यंत गेला आणि पोट धरून खाली बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं जिद्द केली आणि तो मध्याच्या जरा पुढे जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी सर्जेरावच त्याला वळसा घालून परत आला आणि म्हणाला, “धोंडिबा, जिवाला जप बाबा. तुझ्यामागं बायकापोरं हायती.”

धोंडिबाला ते पटलं. पण अमावास्येला आबासाहेबांपुढे दप्तर ठेवायचं होतं आणि दप्तर कोरं होतं. कोरं दप्तर म्हणजे काम केलं नाही असा अर्थ. धोंडिबाला जेवण जाईना.

चौथ्या दिवशी ऊन कडक होतं. काशीनाना तहानेनं डबक्याकडे निघाले होते. गळ्यात हार नव्हता, नमस्कार करायला कुणी नव्हतं. नाना आपल्या रोजच्या चालीनं चालले होते. धोंडिबानं त्यांना पाहिलं, बगळ्याचं टिपण आठवलं, आणि तो उठला. चार पावलांत त्यानं नानांना गाठलं. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याचा पंजा कुणाच्या तरी पाठीवर पडला. त्याला फार बरं वाटलं.

“नाना, थांबा. मर्यादा मोडलीसा तुमी.”

“कशाची रे?”

“कासवाची.”

“अरे, मी कासवच आहे.”

“त्ये दप्तरात न्हाई. दप्तरात चाल हाय. तुमची चाल तिच्या दुप्पट हाय.”

“त्या दिवशी गळ्यात हार होता, धोंडिबा.”

“मग हार घालून फिरत जावा,” धोंडिबा म्हणाला आणि त्यानं पहिला गुन्हा लिहिला.

नानांना तीन दिवस रस्ता बंद झाला. शिवाय त्यांना जांभळीखाली एका वर्गाला बसावं लागलं. विषय होता, ‘सावकाश चालण्याचे फायदे’. शिकवायला सर्जेराव होता. तो वर्गाला धावत आला आणि शिकवून धावत गेला. नाना घरी आले ते मान आत घेऊनच, आणि पुढे बरेच दिवस त्यांनी ती बाहेर काढली नाही.

सगुणाला नानांचं वाईट वाटलं, पण तिचा पाटीवर विश्वास होता. पाटी तिच्या मिरीमुळे लागली होती. येता-जाता ती पोरांना पाटी दाखवायची आणि म्हणायची, “ही तुमच्या बहिणीची पाटी.” पाटी आहे म्हणजे रस्ता आपला आहे, असं समजून ती पूर्वीसारखी निवांत रांग लावून निघायची.

एका सकाळी ती तशीच निघाली आणि डुकरं आली. अगदी पाटीला घासून आली. सगुणानं शीळ घातली नाही. ती घालणारच नव्हती. पण पोरांना सवयच लागलेली. खुरांचा आवाज ऐकून आठही जणं आपणहून खाली बसली. एक खूर तिसऱ्या आणि चौथ्या पोराच्या मधे पडला. दोघांनाही धक्का लागला नाही.

त्या दुपारी तिनं ठरवलं. जे तिच्या आईनं तिला शिकवलं, तिच्या आजीनं आईला शिकवलं, ते ती पोरांना विसरायला लावणार होती. जाळीमागच्या मोकळ्या जागेत तिनं आठ जणांना उभं केलं आणि नवी शीळ ऐकवली. दोन आखूड फुंका. ही ऐकली की पळायचं. मागे बघायचं नाही, भावंडांसाठी थांबायचं नाही, नुसतं पळायचं.

पोरांना ते जमेना. शीळ झाली की ती बसायची. थोरला राणू तर बसल्या बसल्या विचारायचा, “आये, आता पळू का?” सगुणा त्याला टोचायची. टोचून टोचून तिनं त्याला उठवलं. हे तिला जड जात होतं, कारण बसलेलं पोर किती गुणी दिसतं ते तिला माहीत होतं. पण आठवड्यात पोरं तयार झाली. शेवटी शेवटी राणू इतका पळायला लागला की त्याला थांबवायला तिसरी शीळ हवी होती. ती काही तिनं शिकवली नाही.

मग तो दिवस आला. रांग रस्त्याच्या मधोमध, समोरून सर्जेराव. सगुणानं दोन आखूड फुंका मारल्या. आठ पोरं आणि आई गवतात शिरली आणि मागून डुकरं गेली. सगुणानं वळून पोरांकडे पाहिलं. आठ जण होते. सगळे उभे होते. मिरी गेल्यापासून तिला इतका आनंद झाला नव्हता.

“बाई, थांबा.”

धोंडिबा झुडपाआडून बाहेर आला. सगुणा थांबली. रखवालदार आला हे पाहून तिला उलट बरंच वाटलं.

“भाऊ, वक्ताला आलासा. आत्ताच डुकरं गेली बगा.”

“गेली ती गेली. तुमी पळालासा का न्हाई?”

“पळालो. न्हाई तर मेलो असतो.”

“मेला असतासा तर गुन्हा झाला नसता,” धोंडिबा शांतपणे म्हणाला. “बसून ऱ्हायचं हुतं.”

“बसलो हुतो की, भाऊ. पयल्या बारीला. एक उठली न्हाई.”

धोंडिबानं मान खाली घातली. त्याला मिरीची गोष्ट ठाऊक होती. मग त्यानं एकेका पोराच्या पाठीवर पंजाचं टोक ठेवलं, अगदी हळू, कुणाला दुखू नये असं. शेवटी सगुणाच्या पाठीवर ठेवलं. आणि दप्तरात नऊ गुन्हे लिहिले.

एका दमात नऊ गुन्हे. त्या जंगलात असं कधी झालं नव्हतं. अमावास्येला आबासाहेबांनी दप्तर उघडलं तेव्हा त्यांना धक्काच बसला. लावी नऊ, कासव एक, बदक दोन, आणि रानडुक्कर एकही नाही. आबासाहेबांनी पान पुन्हा एकदा वाचलं. मग ते म्हणाले, “आपण किती चुकीच्या माणसांना दोष देतो.” ते माणसांना म्हणाले खरे, पण जंगलात तसंच म्हणतात.

लगेच निर्णय झाला. लावीच्या कुटुंबाला रस्ता कायमचा बंद.

रस्ता बंद म्हणजे दाणा बंद आणि पाणीही बंद. जाळीत किडे होते, त्यावर कसंबसं भागलं. पण पाणी नव्हतं. पोरांना अजून उडण्याजोगे पंख फुटले नव्हते. चोरून ओलांडावं तर धोंडिबा आता सगुणाच्या दारासमोरच बसायला लागला होता. डुकरांच्या वेळेला तो झोपायचा. सगुणाच्या वेळेला जागा असायचा.

पहिले दोन दिवस पोरांनी पानांवरचं दव चाटलं. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि दव पडलंच नाही. समोर, हाकेच्या अंतरावर, डबकं चमकत होतं. राणू म्हणाला, “आये, पळू का?” सगुणानं त्याला पंखाखाली दाबून धरलं.

चौथ्या दिवशी ती जाळीतून, मागच्या काट्यांतून, लांबचा वळसा घालून जांभळीखाली गेली. सभा ऐन रंगात होती. सर्जेरावाच्या अंगावर शाल होती. शिस्तीत चालल्याबद्दल मंडळानं त्याला मान दिला होता. आभार मानताना तो सांगत होता की संयम हा त्याला घरूनच मिळाला.

“बोला बाई,” आबासाहेब म्हणाले. “तुमचं आता काय?”

सगुणाला खूप बोलायचं होतं. रस्ता, पाटी, मिरी, सर्जेरावाची शाल, सगळं चोचीपर्यंत आलं होतं. पण घरी आठ पोरं तहानलेली होती.

“पाटी काढा, आबासाहेब,” ती म्हणाली.

“कोणती पाटी?”

“कासवाची. आमाला मर्यादा नगं. आमाला पळू द्या.”

आबासाहेबांचे डोळे पाणावले.

“बघा,” ते सगळ्यांना म्हणाले, “पाटी हिनंच मागितली होती. आज हीच म्हणते काढा. मंडळानं कधी कुणावर काही लादलेलं नाही. रहिवाशांचीच मागणी असेल तर आम्ही कोण अडवणार?”

पाटी लावायला एक महिना लागला होता. काढायला सर्जेराव एकटा गेला आणि एका धडकेत काढून आला. तिच्या जागी दुसरी लावली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘वेगमर्यादा : ज्याची त्याची चाल’. समारंभ पुन्हा झाला. झेंडू उरलेले होते. धोंडिबा आणि त्याचं दप्तर मात्र जागच्या जागी राहिलं.

मर्यादाच गेली, तशी लावींची बंदीही उठली. त्या संध्याकाळी सगुणाची पोरं पोटभर पाणी प्यायली. सगुणा काठावर उभी राहून बघत होती. तिला वाटलं, झालं ते बरंच झालं.

पोरं मोठी झाली. पंख फुटले, पण उडायचं कुणी मनावर घेतलं नाही, कारण त्यांना पळण्याची गोडी लागली होती. आता ती दोन आखूड फुंकांची वाट बघत नसत. डुकरं असोत नसोत, घरातून निघाली की सुसाट. डबक्याकडे पळत जायची, पळत यायची. डबकं कुठे पळून चाललं नव्हतं. काशीनाना एकदा मान बाहेर काढून म्हणाले, “पोरांनो, जरा हळू.” राणू त्यांच्या पाठीवरून उडी मारून गेला. आळीत सगळे म्हणायचे, सगुणाची पोरं हुशार निघाली. सर्जेरावही एकदा पळता पळता राणूकडे बघून म्हणाला, “गडी तयार हाय.” सगुणाला ते ऐकून बरं वाटलं. बरं वाटल्याचं तिला जरासं वाईटही वाटलं, पण ते थोडाच वेळ.

एका सकाळी राणू आणि भावंडं धापा टाकत घरी आली.

“आये,” राणू म्हणाला, “रस्त्यात कायतरी पायाखाली आलं. कुरकुर वाजलं.”

“काय हुतं?”

“बघितलं न्हाई. तूच म्हंतीस ना, मागं बघायचं न्हाई.”

सगुणानं त्याचा पाय बघितला. खरचटलं नव्हतं. तिनं त्याच्या पायाला चिकटलेली एक पातळ कपची चोचीनं काढून टाकली आणि दाणे पुढे ठेवले. ती कपची कशाची, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी पारू आली. एकटीच आली. दारात थांबली.

“सगुणाक्का,” ती म्हणाली, “माझा दगडू गेला.”

सगुणाची नजर राणूच्या पायाकडे गेली.

“तुझी पोरं हुती, अक्का. आठ जणं. म्या कडंला हुते. हाक मारली, पन माझा आवाज तो किती.”

सगुणाला मिरी आठवली. कपाळावरच्या ठिपक्यासकट आठवली. पारूला जवळ घ्यावं, तिच्याबरोबर पोटभर रडावं, जशी ती एकदा आपल्याबरोबर रडली होती, असं तिला अगदी आतून वाटलं. तिनं एक पाऊल पुढेही टाकलं. पण मागे राणू उभा होता. बाजूच्या जाळीतून शेजारी कान देऊन ऐकत होते. समोर झुडपाखाली धोंडिबा दप्तर मांडीवर घेऊन बसला होता, आणि तो आज जागा होता.

सगुणानं ते पाऊल मागे घेतलं.

“पन पारू,” ती म्हणाली, “दगडू रस्त्यात काय करत हुता?”

पारूनं तिच्याकडे पाहिलं. गोगलगायीचे डोळे शिंगांच्या टोकाला असतात. ते हळूहळू आत गेले.

“तुझ्या पोरांसंगं खेळायला निघाला हुता, अक्का,” ती म्हणाली. “सोमवारपासनं.”

आणि ती घराकडे वळली. वळायलाच तिला दुपार झाली, आणि तेवढा वेळ सगुणाला तिच्याकडे बघत दारात उभं राहावं लागलं.

तात्पर्य : बाळांनो, वेगाची मर्यादा हळू चालणाऱ्यांसाठी असते, म्हणून हळू चालू नये. पकडणाऱ्याला दम लागेल इतकं जोरात पळावं, म्हणजे त्यालाच शिस्त म्हणतात आणि वर शाल मिळते. वाटेत कुणी पायाखाली आलंच, तर मागे बघू नये. पण त्याची आई दारात आली, तर ते रस्त्यात काय करत होतं, एवढं मात्र आठवणीनं विचारावं.